बंद करायचं हिरवं बटण

लेखिकाबाईंच्या उशाशी काय असतं हे त्यांच्या वाचकांना कळलं असतं, तर निम्म्या जणींनी तोंडात बोटं घातली असती आणि उरलेल्यांनी कादंबऱ्या परत करायला रांग लावली असती. उशाशी असायची पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका. कधी इस्त्रीची. थंडीच्या दिवसांत गिझरची, कारण ती वाचताना ऊब येते असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

याला घरच कारण होतं. विजेच्या वस्तूंचं दुकान आधी वडिलांचं, आता दादाचं. गिऱ्हाईक मिक्सर घ्यायचं, तिथल्या तिथे खोक्यातून काढून फिरवून बघायचं, आणि पुस्तिका काउंटरवर टाकून चालतं व्हायचं. वडिलांना कागद फेकवत नसे, म्हणून त्या सगळ्या घरी यायच्या. शेजारच्या मुली ज्या वयात प्रेमकथा लपवून वाचत, त्या वयात लेखिकाबाई ‘मोटर नेहमीपेक्षा जास्त आवाज करत असल्यास’ हे प्रकरण लपवून वाचत. लपवून एवढ्यासाठी, की वडिलांना वाटू नये पोरगी दुकानात वाटा मागतेय.

तेव्हाच्या पुस्तिका तशा रुक्षच होत्या. हे करा, ते करू नका, नाहीतर मराल. मग लेखिकाबाई विशीत असताना एक दिवस भाषा अचानक बदलली. एका नव्या पंपाच्या पुस्तिकेत त्यांनी वाचलं: ‘झाकण हळुवारपणे सैल करावे. घाई करू नये. आत कोंडलेली हवा पूर्णपणे बाहेर पडू द्यावी. पाण्याची अखंड धार दिसू लागल्यावरच आपण झाकण पुन्हा घट्ट बसवावे.’

त्यांना कसंसंच झालं. इतक्या मायेने आपल्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. पुढे पान उलटलं तर, ‘आपले हात ओले असताना बटणास स्पर्श करू नये.’ आपले हात ओले आहेत की कोरडे, याची चौकशी घरात कोण करत होतं? घरात फक्त भांडी झाली का, एवढीच चौकशी व्हायची.

त्याच आठवड्यात त्यांनी पहिली कादंबरी लिहायला घेतली. तिच्यातला नायक घाई करत नव्हता. नायिकेच्या आत इतकी वर्षं कोंडलेलं सगळं त्याने बाहेर पडू दिलं, तिच्या डोळ्यांतून अखंड धार लागली, आणि तेव्हाच त्याने तिला घट्ट मिठीत घेतलं. वाचकांनी ती कादंबरी डोक्यावर घेतली. प्रकाशक, जो तेव्हा बारीक होता, त्याने मागच्या कव्हरवर छापलं: ‘एका अधुऱ्या प्रेमाच्या जखमेतून उमललेली लेखणी.’ लेखिकाबाईंच्या आयुष्यात जखम म्हणावी तर एकदा इस्त्रीने बोट भाजलं होतं, तेही पुस्तिका वाचायच्या आधी. पण प्रकाशकाला खरं सांगायचं राहून गेलं, आणि जखम पुढच्या प्रत्येक कव्हरवर छापली जात राहिली. आता नवी कादंबरी येत होती, प्रकाशक जाड झाला होता आणि जखम अजून ताजी होती.

दुसऱ्यांच्या प्रेमकथा त्या वाचत नसत. दोन-तीनदा प्रयत्न केला, पण त्यातली माणसं फार गडबड करत. कुणी कुणाला नीट पाहण्याआधीच वादळ सुटायचं. सुरक्षेच्या सूचना तर कुठेच नाहीत.

तर अशा या लेखिकाबाईंच्या घरी नव्या कादंबरीची मुद्रितं आली, आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणाशी येऊन त्या अडल्या.

या वेळी जरा वेगळं म्हणून त्यांनी क्रम उलटा केला होता. नायक आधी मिठी मारतो, मग नायिकेचा बांध फुटतो. त्या ओळीशेजारी समासात शिसपेन्सिलीने, छापील वाटावं इतक्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘क्रम चुकला आहे. आधी धार, मग घट्ट. अन्यथा हवा आत राहील व पंप पाणी ओढणार नाही.’

त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग उठून खोलीचं दार लावलं, जणू पेन्सिलच पायऱ्या चढून वर येणार होती.

जुने मुद्रितशोधक निवृत्त होऊन नवे कुणी आले आहेत, एवढं प्रकाशकाने फोनवर सांगितलं होतं. आणि त्याच फोनवर हेही, की गुरुवारी साप्ताहिकाची वार्ताहर मुलाखतीला कार्यालयात येणार आहे, विषय ‘माझं वाचन, माझी प्रेरणा’, तेव्हा बाई, काळीज जरा सढळ हाताने उघडा. म्हणजे ज्या इमारतीत त्या काळीज उघडणार, त्याच इमारतीत त्या काळजाचा पंप ओळखणारा माणूस बसला होता. तो एक वाक्य बोलला की संपलं. ज्या बायकांनी ती मिठी वाचून उशा भिजवल्या, त्या आता हसून उशा भिजवतील.

खाली वहिनी लोकरीचं काहीतरी विणत होती. तिला पुस्तिकांचं ठाऊक होतं, कारण खोली झाडायला तीच यायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सुई न थांबवता म्हणाली, “वन्सं, लोकर कुणाच्याही दुकानातली असू दे, विणलंय तुम्ही.”

लेखिकाबाई म्हणाल्या की लोकरीवर तो माणूस हक्क सांगायला आला तर?

“मग स्वेटर घालून बघ म्हणावं,” वहिनी म्हणाली. “आधी जाऊन बघा तरी कोण आहे. आणि येताना दादांना सांगा, त्या मिक्सरचं गिऱ्हाईक परत आलंय.”

तो मिक्सर म्हणजे घरातला जुना वाद होता. एका कंपनीच्या मिक्सरचं बंद करायचं बटण हिरवं असायचं आणि चालू करायचं लाल. गिऱ्हाइकं लालला घाबरून हिरवं दाबायची, काहीच व्हायचं नाही, आणि मिक्सर बिघडला म्हणून दुकानात यायची. असं का, हे दादाला माहीत नव्हतं, कंपनीच्या विक्रेत्याला माहीत नव्हतं. पुस्तिकेत मात्र स्वच्छ लिहिलं होतं: ‘बंद करण्यासाठी हिरवे बटण दाबावे.’ लेखिकाबाईंनी या कोड्यावर इतकी वर्षं विचार केला होता की तेवढ्यात दोन कादंबऱ्या झाल्या असत्या.

मुद्रितशोधकांचं टेबल प्रकाशकाच्या कार्यालयात मागच्या खोलीत होतं, न खपलेल्या प्रतींच्या गठ्ठ्यांच्या आणि गळक्या कुंडीच्या मध्ये. कुंडीखाली त्यांनी ताटली ठेवली होती आणि ताटलीखाली रद्दी. उंच, वाळकुडे गृहस्थ, चष्मा दोरीला, एक पेन्सिल हातात आणि एक कानावर. लेखिकाबाईंनी मुद्रितं टेबलावर ठेवली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि शक्य तितक्या करड्या आवाजात विचारलं, “हे तुम्ही कुणाला सांगितलंय का?”

त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग चष्मा लावून बाईंकडे पाहिलं. “तुम्ही कितव्या पानापर्यंत वाचली होती?”

“काय?”

“पुस्तिका.”

“सगळी.”

“सगळी म्हणजे? शेवटचं ‘दोष व उपाय’सुद्धा?”

“ते तर पाठ आहे,” लेखिकाबाई म्हणाल्या. भांडायला आलेलं माणूस जेवढ्या तोऱ्यात म्हणेल, तेवढ्याच तोऱ्यात.

मुद्रितशोधकांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा लावायचा विसरले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ते आयुष्यभर एका छापखान्यात होते. यंत्रांच्या पुस्तिका तिथेच छापल्या जायच्या. कंपन्यांकडून आकृत्या आणि इंग्रजी मजकूर यायचा, आणि मराठी हे लिहायचे. पंप, पंखे, गिझर, सगळं. छापखाना बंद पडला म्हणून ते इथे आले. इतक्या वर्षांत त्यांची एकही पुस्तिका कुणी वाचल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. लोक दुकानात फोन करत, नाहीतर शेजाऱ्याला बोलावत. बायको हयात होती तेव्हा तीही म्हणायची, ते कागद ठेवा बाजूला आणि तोंडाने सांगा कुठलं बटण. एकदा पाहुणे आले असता त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, की त्यांच्या इस्त्रीच्या पुस्तिकेवर कुणीतरी गरम पातेलं ठेवलंय.

“इस्त्रीच्या?” लेखिकाबाईंचा आवाज चढला. “रेशमी कपड्यांचं पान आहे, त्या पुस्तिकेवर?”

“त्याच पानावर.”

दोघांनीही मान खाली घातली, एखादं माणूस गेल्यावर घालतात तशी.

त्यानंतर आवाज पुन्हा चढले, पण वेगळ्या कारणाने. लेखिकाबाईंच्या मते कपडे धुण्याच्या यंत्राची पुस्तिका खळबळण्याच्या भागात फार पसरट झाली होती. मुद्रितशोधकांना हे मुळीच पटलं नाही. ते म्हणाले की तिथे कंपनीने दोन परिच्छेद घुसडले, आणि ते कुठले हे कुणाही जाणकाराला ओळखता येईल. लेखिकाबाईंनी ते दोन्ही परिच्छेद तिथल्या तिथे ओळखले. यावर त्यांना बसायला खुर्ची मिळाली.

मिठीचं मात्र काही केल्या जुळेना. ते म्हणत होते, हवा राहिली की पंप नुसता फिरतो, पाणी चढत नाही, तुमच्या या नायक-नायिकेचं लग्न वर्षभर टिकायचं नाही. त्या म्हणत होत्या, माणसात थोडी हवा राहतेच, माणूस काही पंप नाही.

“पहिल्या कादंबरीत तर होता,” मुद्रितशोधक म्हणाले.

म्हणजे यांनी तीही वाचली होती. लेखिकाबाईंनी मुद्रितं उचलली. बाईंचं गुपित सुरक्षित आहे, असं मुद्रितशोधकांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांच्या तोंडून एक अक्षर बाहेर जाणार नव्हतं. पण बाई दारापर्यंत पोचल्या तेव्हा ते कुंडीशी बोलल्यासारखं बोलले. “मुलाखतीत आवडता लेखक विचारतात, नाही?”

“विचारतात.”

“नाही, सहज,” ते म्हणाले आणि ताटलीतलं पाणी ओतायला गेले.

लेखिकाबाई घरी आल्या त्या हेच डोक्यात घेऊन. बोललं तर आपलं हसं, आणि नाही बोललं तर या माणसाच्या देखत त्याच्याच बाबतीत खोटं. ज्याला जन्मात एकच वाचक मिळाला, त्याला त्या वाचकानेही ओळख दाखवायची नाही, हे पातेलं ठेवण्यापेक्षा काय वेगळं होतं?

गुरुवारी प्रकाशकाच्या खोलीत पंखा बंद होता, कारण त्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येत होता. प्रकाशक वहीने वारा घेत होता. वार्ताहर मुलगी चुणचुणीत होती आणि सर्दीने बेजार होती. पहिले प्रश्न नेहमीचे होते, उत्तरंही. एकांत. चांदणं. जखमेबद्दल विचारल्यावर लेखिकाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, तिथे समोरच्या इमारतीचा पाइप होता. आवडता रंग झाला, लिहायची वेळ झाली. तेवढ्यात मुद्रितशोधक कव्हरचे नमुने घेऊन आत आले. नमुने ठेवून त्यांनी निघून जायला हवं होतं. पण ते कपाटापाशी थांबले आणि आधीच सरळ असलेली पुस्तकं सरळ करू लागले. त्यांची पाठच दिसत होती, पण कान लाल झाले होते.

“मॅडम, तुमचे सगळ्यात आवडते लेखक कोण?”

या प्रश्नाचं एक ठेवणीतलं उत्तर होतं, त्यात तीन मोठी नावं होती आणि त्यांतलं एकही त्यांनी वाचलं नव्हतं. लेखिकाबाईंनी तोंड उघडलं. लाल कान पाहिले. कपाटाकडे हात केला.

“हे,” त्या म्हणाल्या.

पुस्तकं सरळ होण्याची थांबली.

“हे म्हणजे… हे?” वार्ताहराने विचारलं.

“हो, हेच. मी विशीची होते तेव्हापासून यांचंच वाचत आलेय. माझ्या प्रत्येक पुस्तकात यांचं काही ना काही आहे. तशी आजवर बोलले नाही कुठे.”

प्रकाशक पाणी पीत होता, त्याला ठसका लागला.

यांच्याकडून नेमकं काय शिकलात, असं मुलीने विचारलं. तिचा आवाज सर्दीने बसला होता की आणखी कशाने, ते कळलं नाही.

लेखिकाबाईंना आता धीर आला होता. “घाई करायची नाही,” त्या म्हणाल्या. “ओल्या हाताने कशाला हात लावायचा नाही. तापलं असेल तर आधी निवू द्यायचं. आणि आवाज बदललाय असं वाटलं, की लगेच थांबून कारण शोधायचं, तसंच रेटत न्यायचं नाही.”

मुलगी भराभरा लिहीत होती. मग तिने कपाटाकडे वळून विचारलं, आणि तुम्ही काय सांगाल यांच्याबद्दल?

मुद्रितशोधक हातात एक पुस्तक उलटं धरून उभे होते. “इतक्या वर्षांत,” ते म्हणाले, “शेवटपर्यंत आलेल्या या एकट्याच.”

वार्ताहराने रुमाल काढला. साप्ताहिकाच्या छायाचित्रकाराने दोघांना कपाटाशेजारी उभं करून फोटो घेतला, आणि जरा जवळ या म्हटल्यावर ती दोघं जवळही आली, कारण छायाचित्रकारांच्या सूचना पाळायच्या असतात.

साप्ताहिक रविवारी आलं. ते घेऊन दादा स्वतः जिना चढून वर आला, आणि त्याचे गुडघे दुखत असल्यामुळे हे मोठंच पाऊल होतं. त्याने अंक पलंगावर ठेवला. मथळा होता: ‘माझे आवडते लेखक? हे!’ खाली फोटो. त्याखाली, ‘जखम भरली: लोकप्रिय लेखिकेच्या सुखी संसाराचं रहस्य, प्रथमच.’

“मी काही म्हणत नाही,” दादा म्हणाला. “तुझं वय झालंय, तुझं तू बघायला मोकळी आहेस. पण निदान सांगायचं तरी. दुकानातून एक पंखा तरी दिला असता.”

लेखिकाबाईंनी मथळा वाचला, परत वाचला, आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मराठी बाई माणसाकडे हात करून ‘हे’ म्हणते तेव्हा तिच्या मनात काय असतं, हे त्यांनी स्वतःच तीसेक नायिकांच्या तोंडून वदवून घेतलं होतं. त्या दादाला समजावू लागल्या की तसं काही नाही, हे म्हणजे ते हे नव्हेत, हे नुसतेच हे.

“सगळ्या असंच म्हणतात पहिल्यांदा,” वहिनी दारातून म्हणाली. “वन्सं, दिसायला बरे आहेत हो. फक्त जरा खाऊपिऊ घाला.”

दुपारपर्यंत फोन थांबेना. एका वाचक बाईने दुकानाच्या पत्त्यावर दुहेरी पलंगपोस पाठवून दिला. प्रकाशक तर आनंदाने बोबडा झाला होता. नवी कादंबरी बाजारात यायच्या आधीच मागणी सुरू झाली होती, तेव्हा बाई, काहीही करा पण खुलासा करू नका. लेखिकाबाईंना खुलासा करायचाच होता. पण तो करायचा तर हे गृहस्थ नवरा नाहीत, मग लेखक कसले, हे सांगावं लागणार. म्हणजे एकतर संसार कबूल करा, नाहीतर पंप.

दुसऱ्या दिवशी त्या मागच्या खोलीत गेल्या तेव्हा मुद्रितशोधक त्यांची वाटच पाहत असावेत. टेबल आवरलेलं होतं. त्यांनी खणातून एक छोटा छापील कागद काढून पुढे सरकवला.

“चूक माझ्या हद्दीत झाली,” ते म्हणाले. “म्हणून शुद्धिपत्र तयार केलंय. साप्ताहिकाला पाठवून देऊ.”

कागदावर होतं: ‘शुद्धिपत्र. मागील अंकात “हे” असे छापले आहे, त्याऐवजी “हे गृहस्थ” असे वाचावे.’

लेखिकाबाईंना ते बरोबर वाटलं. नेमकं, नेटकं, एकही शब्द जास्त नाही. आणि तरीही त्यांनी तो कागद उचलला नाही. हे पाठवलं की या खोलीत यायचं कारण संपलं.

“दुसरा काही मार्ग असतो का?” त्यांनी विचारलं. “तुमच्या धंद्यात?”

मुद्रितशोधकांनी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली आणि हातातली कानावर ठेवली. “एकदा झालं होतं,” ते म्हणाले. “मिक्सरची पुस्तिका होती. बंद करायचं बटण लाल, पण मी नजरचुकीने हिरवं लिहिलं. गोदाम भरून प्रती छापल्या गेल्या. मी शुद्धिपत्र घेऊन कंपनीत गेलो. त्यांनी हिशेब केला आणि म्हणाले, पुस्तिका राहू द्या. बटणच हिरवं करू.”

लेखिकाबाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. “म्हणजे ते बटण तुमच्यामुळे?”

“हो.”

“अहो, मी किती वर्षं विचार करतेय. दादाला वाटतं कंपनी मूर्ख आहे. ती गिऱ्हाइकं…” आणि त्या बोलता बोलता थांबल्या. कारण मुद्रितशोधक मिक्सरबद्दल बोलत असल्यासारखे दिसत नव्हते. कान पुन्हा लाल झाले होते.

छापलेलं बदलायचं नाही. बटण बदलायचं.

कुंडीतून ताटलीत एक थेंब पडला.

“अर्थात,” ते खाकरून म्हणाले, “आपण घाई करू नये.”

“यातलं ‘आपण’ म्हणजे मी एकटी,” लेखिकाबाईंनी विचारलं, “की आपण दोघं?”

“पुस्तिकांमध्ये मी ते नेहमी मोघमच ठेवायचो,” मुद्रितशोधक म्हणाले. “मला वाटायचं, कुणी वाचलंच, तर विचारेल.”

मग उगीच काहीतरी करायचं म्हणून त्यांनी कादंबरीची मुद्रितं पुढे ओढली, ते प्रकरण काढलं, आणि समासातली आपली सूचना खोडली. बाईंच्या ओळीखाली बारीक टिंबं काढून शेजारी लिहिलं: ‘आहे तसेच राहू द्यावे.’ थोडी हवा राहिली तर चालेल, असं ते पुटपुटले, माणूस काही पंप नाही.

ते वाचलं आणि लेखिकाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. चांगली अखंड. अजून कुणी कुणाला हातही लावला नव्हता, म्हणजे क्रम शेवटी मुद्रितशोधकांचाच बरोबर निघाला. दोघांच्याही ते एकाच वेळी लक्षात आलं. पुढची पायरी दोघांनाही पाठ होती. मुद्रितशोधक उठले, टेबलाला वळसा घातला, हात कोरडे आहेत का ते पाहिलं.

तेवढ्यात प्रकाशक दार न वाजवता आत घुसला. दुसरी आवृत्ती घ्यावी लागणार असं दिसतंय, तर कव्हरवर बाईंचं नाव माहेरचं टाकायचं की सासरचं, एवढंच त्याला विचारायचं होतं.

“आपण दार हळुवारपणे ओढून घ्यावे,” मुद्रितशोधक त्याच्याकडे न बघता म्हणाले. “बाहेरून.”